सिलोंगा टेकाडावर वर्ष कधी सुरू होतं

या बाबांनो, आयांनो, असे लांब लांब नका बसू. सावली इकडे आहे, आणि सकाळच्या उपासनेत गाऊन गाऊन माझा आवाज निम्माच उरलाय. मुलांनो, आंबे खा, पोटभर खा, पण कोयी एकमेकांना मारू नका. पाळकबाबा जेवून येईपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती आपल्याच टेकाडावर घडली, तुमच्यातले निम्मे तिच्यात होते. तरीही ऐका, कारण त्या दिवशी जो तो आपलंच बोलणं ऐकत होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि पूर पोचत नाही त्या वरच्या काठावरून आलेली पाहुणे मंडळी, तुम्ही तर अगदी पुढे या. तुमच्याकडे शाळा जानेवारीत भरते, डिसेंबरात सुटते, मधे कोणाला काही विचारावं लागत नाही. आमच्याकडे शाळेचं वर्ष कधी सुरू व्हावं आणि कधी संपावं, यावर अख्खं गाव एक दिवस वाळूत बसून भांडलं. कोणासाठी, ते सांगतो.

नासिलेले मावशीसाठी.

तिसऱ्या बाकावरची मावशी. आपल्याकडे उपदेश नुसता बोलत नाहीत, गातात, आणि देवाची शपथ, तसा उपदेश ऐकल्यावर मला दोन दिवस भूक लागत नाही. पाळकबाबा म्हणतात, "आणि मोशेने समुद्राकडे पाहिलं," आणि थांबतात. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून सूर येतो, "पाहिलं, त्याने पाहिलं." मग बायका, मग पुरुष, मग मागचे ढोल. सगळं देऊळ समुद्राकडे पाहू लागतं. तेवढ्या वेळात पाळकबाबा श्वास घेतात आणि सैतानाचा श्वास कोंडतो. तो पहिला सूर गेली अठ्ठावीस वर्षं नासिलेले मावशीचा आहे.

पण मावशीच्या मनात एक गोष्ट होती. तिला तिसऱ्या बाकावरून उठून समोर उभं राहायचं होतं. स्वतःचा उपदेश स्वतः गायचा होता. तो तिच्याकडे तयार होता. प्रभूने जिच्याकडे पाणी मागितलं त्या विहिरीवरच्या बाईचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भाताच्या शेतात तिने तो एकदा म्हटला तेव्हा निंदणी करणाऱ्या चार बाया खुरपी टाकून रडायला बसल्या होत्या.

आता उपदेश करायचा तर वरच्या काठावर तीन महिने शिकायला जावं लागतं. आणि तिथल्या धर्ममंडळाचा नियम असा, की शिकायला येणारा सातवी पास पाहिजे आणि वय साठीच्या आत पाहिजे. पवित्र शास्त्र तोंडपाठ असून चालत नाही. वाचता आलं पाहिजे, आणि वाचता येतं असं कोणीतरी कागदावर लिहून दिलेलं पाहिजे.

मावशी बावन्नाव्या वर्षी शाळेत गेली. स्वतःच्या मापाचा निळा गणवेश शिवून घेतला, पांढऱ्या कॉलरसकट. मागच्या बाकावर बसली, कारण पुढे बसली तर मागच्यांना फळा दिसत नव्हता. वाचायला शिकली, लिहायला शिकली, मास्तरांना पायमोजे विणून दिले आणि वर्षाला दोन-दोन इयत्ता करत सातवीपर्यंत पोचली. तिथे अडकली. एकदा नाही, तीनदा. नापास झाली म्हणून नाही. आमच्या शाळेचं वर्षच पुरं होत नव्हतं.

हे तुम्हा वरच्या लोकांना समजायचं नाही, म्हणून सांगतो. सरकार म्हणतं वर्ष जानेवारीत सुरू. बरं. फेब्रुवारीअखेर नदी सगळ्या सखल मैदानावर पसरते आणि पाणी वर्गात येतं, कारण शाळा टेकाडाच्या उतरणीवर आहे. मार्चमध्ये सगळे सामान बांधून बसतात, पण राजवाड्यावरचे मोठे ढोल वाजल्याशिवाय आणि राजाची नाव निघाल्याशिवाय आपण कोणी हलत नाही. मग सगळं गाव नावांतून वरच्या काठावर, आणि एप्रिल तिथे झोपड्या उभारण्यात जातो. मे महिन्यात भाताची कापणी, जून-जुलैत पाणी उतरताना मासे धरायचे, ऑगस्टमध्ये पुन्हा टेकाडावर परत, सप्टेंबरात गवतासाठी गुरांमागे लांब लांब जायचं. मधल्या फटीत शाळा. परीक्षा नोव्हेंबरात. आणि ज्या शाळेचे छत्तीस आठवडे भरले नाहीत, तिथून परीक्षेला कोणी बसायचं नाही.

पोरं आपापल्या मामा-काकांकडे वर जाऊन परीक्षेला बसायची. मावशीही गेली होती. तिथल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला दारात पाहिलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नम्रपणे सांगितलं, "आई, पालकांची सभा गुरुवारी आहे."

मावशी पाणी प्यायली आणि परत आली.

असं झालं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. पुढचं एकच वर्ष हातात होतं. त्या वर्षी शाळा पुरी झाली नाही, तर विहिरीवरची बाई कायमची शेतातच राहणार होती.

आता मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात या. सिटुम्बेको मास्तरांच्या हातात जिल्ह्याचं पत्र आलं. तुमच्या गावाला सोयीचं होईल असं शाळेचं वर्ष तुम्हीच ठरवा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या, पण सगळ्या गावाच्या एकमताने. गुरुवारी शिक्षणाधिकारी येतील. एकमत झालं नाही, तर शाळेचं नाव यादीतून कमी होईल आणि मुलांनी वरच्या काठावर जावं.

गुरुवारी अधिकारी आले. म्हणजे त्यांची गाडी आली, टेकाडापासून हाकेच्या अंतरावर, आणि वाळूत रुतली. गुरं राखणारा मुंडिया आपले चार बैल घेऊन गेला. गाडी ओढत आणली. अधिकारी चालकाशेजारी टोपी मांडीवर ठेवून बसलेले, आणि मुंडिया बैलांपुढे लग्नातल्यासारखा मिरवत.

"नाव काय साहेबांचं?" मुंडियाने विचारलं.

"हामाउंडू."

झालं. मुंडियाने बैल जुंपलेले तसेच थांबवले आणि मांडीवर हात मारला. हामाउंडू म्हणजे दक्षिणेकडच्या टोंगा जमातीतले. आणि टोंगांचं आणि आपलं थट्टेचं नातं. टोंगाने आपल्याला काहीही म्हणावं, आपण त्याला काहीही म्हणावं, रागवायचं कोणी नाही. रागावला तो कमअस्सल.

"पाव्हणं! आधी नाही का सांगायचं? बाराच्या बारा बैल आणले असते. तुम्ही माणसांपेक्षा गुरांशी जास्त बोलता म्हणे."

"बोलतो," हामाउंडू साहेब खाली उतरत म्हणाले, "गुरं मधेच गुडघे टेकून टाळ्या वाजवत नाहीत ना. तुमच्याकडे तासभर वंदनच चालतं. आणि हे बैल चोरीचे दिसतात. ही शिंगं मी माझ्या काकांच्या गोठ्यात पाहिलीत."

"मग काकांना सांगा, बैल सुखी आहेत. त्यांना नावं मिळालीत."

सगळे हसले. मास्तरांच्या जिवात जीव आला.

सभा इंदुनांच्या अंगणात, मोठ्या झाडाखाली बसली. इंदुना लिस्वानिसो म्हणजे आमच्या टेकाडाचे प्रमुख. सभेची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण साहेबांना ठाऊक नव्हती. आपल्याकडे सर्वांत लहान मानाचा आधी बोलतो, मग त्याच्या वरचा, असं करत शेवटी प्रमुख. प्रमुख बोलले की संपलं. आणि एकदा बोललेल्याने पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्यामुळे आधी बोलायला कोणी तयार नसतं. आधी बोललेलं पुढच्या बारा जणांच्या बोलण्याखाली गाडलं जातं.

म्हणून पहिला अर्धा तास नासिलेले मावशीवरच गेला.

"ही कुठे बसणार?" मासेमारांचा म्होरक्या मुटुक्वा म्हणाला. "वयाने पाहिलं तर ती माझ्या वर. पण गणवेश घालून आलीय."

"शाळेचा प्रश्न आहे," मावशी म्हणाली. "शाळेच्या कपड्यात आले."

"मग तू शाळकरी पोर का म्हातारी, ते आधी ठरव," इंदुना म्हणाले. त्यांना वाटलं आता ही अडकली. "पोर असशील तर मुलांच्या चटईवर बस आणि पहिली बोल. म्हातारी असशील तर मागून बोल, पण मग सातवीत तुझं काय काम?"

मावशी उठली, स्कर्ट सावरला आणि मुलांच्या चटईवर जाऊन बसली. मुलांनी सरकून जागा केली.

"पोर आहे," ती म्हणाली. "पहिली बोलते. साहेबांनी विचारलंय, शाळा कधी असावी. तुम्ही सगळे ओळीने सांगणार, कधी नसावी. मुटुक्वा सांगेल मासे, नामातामा सांगेल भात, मुंडिया सांगेल गुरं. त्यापेक्षा प्रत्येकाने एवढंच सांगा, की मी माझ्याकडचे किती दिवस देतो. मला परीक्षेला बसायचंय. झालं माझं."

आणि तिने हात जोडले. बाबांनो, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण पहिल्या बोलणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते. प्रश्न कोणता, ते तोच ठरवतो. नंतरच्या सगळ्यांना त्याच प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

मुंडिया उभा राहिला. "देण्याचंच म्हणाल तर मी उदार माणूस. मी नाताळ देतो. अख्खा डिसेंबर घ्या."

"तू देवळात येतोस का रे कधी?" मी ओरडलो.

"नाही ना. म्हणून तर मला परवडतं."

मग भातवाल्या बायांच्या वतीने नामातामा उठली. "मी जून आणि जुलै देते. पाणी उतरताना पोरं बंधाऱ्यावर मासे धरत बसतात, त्यापेक्षा शिकतील."

"माझे जून-जुलै?" मुटुक्वा उठला. "ठीक आहे. मग मीही मागे हटणार नाही. मे देतो. कापणीचा सगळा. नासिलेले, लिहून घे."

"आणि मी," मी म्हणालो, कारण माझी पाळी आली होती आणि मला मुंडियाचा राग आला होता, "मी देवळाच्या वतीने सप्टेंबर देतो. गुरांनी आपलं आपण चरावं."

आयांनो, हसू नका. मी पापी माणूस आहे.

हामाउंडू साहेब हे सगळं वहीत उतरवत होते. त्यांनी पेन ठेवलं. "वा! इतकं दानशूर गाव मी पाहिलं नाही. पाच महिने मिळाले. फक्त एकही त्याच्या मालकाने दिलेला नाही."

मुलांच्या चटईवर खसखस पिकली.

साहेब झाडाखालून उठले आणि बोटाने वाळूत बारा घरं आखली. आपल्या मैदानात दगड मिळत नाही, म्हणून मुलांनी भाताची धसकटं आणून दिली. एक धसकट म्हणजे एक आठवडा. कोणाचंच काही अडत नाही असे आठवडे त्यांनी आधी मांडले. जानेवारीचे चार, फेब्रुवारीचे चार, ऑगस्टचे दोन, ऑक्टोबरचे चार, परीक्षेआधी नोव्हेंबरचे दोन. सोळा झाले. पाहिजेत छत्तीस.

"आता हे पाहा," ते म्हणाले. "डिसेंबर. सरकारने मासेमारीला बंदी घातलेली. पेरणी उरकलेली. गुरं दारातच चरतात. पाणी अजून आलेलं नाही. एवढा मोकळा महिना दुसरा नाही. नोव्हेंबरात परीक्षा संपली, की आठवडाभर उसंत घेऊन पुढचं वर्ष लगेच सुरू करता येईल. कोणाचा आहे डिसेंबर?"

 सगळ्या माना आम्हा देवळाच्या लोकांकडे वळल्या.

मला राहवलं नाही. माझं एकदा बोलून झालं होतं, तरी उठलो. "डिसेंबर प्रभूचा आहे!"

"प्रभूला विचारलंत?"

"मी मंडळीचा वडील आहे. मला विचारावं लागत नाही."

"इलुकेना, खाली बस," इंदुना म्हणाले. "दोनदा बोलतोस."

मी बसलो. आणि हामाउंडू साहेब मुलांच्या चटईकडे वळले. "आणि तुम्ही, मावशी? सगळ्यांना दिवस मागितलेत. तुमचे कुठे आहेत?"

इंदुना पुढे झाले. "तिची पाळी होऊन गेली, साहेब. आमच्यात लहानाने एकदाच बोलायचं असतं." माझ्या मते ते तिला वाचवत होते. डिसेंबर कोणाचा, ते त्यांनाही ठाऊक होतं.

"मी टोंगा आहे," साहेब म्हणाले. "मला कुठली कळते तुमची पाळी? तुम्ही राजाची नाव हलल्याशिवाय शिंकत नाही, ते तुमचं तुमच्याकडे. मी माझ्या पाहुणीला एक प्रश्न विचारला. पाहुण्याला उत्तर द्यायचं नाही, अशीही रीत आहे का तुमच्यात?"

तशी रीत नाही. इंदुनांनी मावशीकडे हात केला.

पाहुणे मंडळी, डिसेंबर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. नाताळला सात टेकाडांची मंडळी एकत्र जमते. त्याआधी तीन आठवडे मावशी टेकाडामागून टेकाड चालत जायची. पहाटे निघायची, दुपारी पोचायची, दोन दिवस मुक्काम करायची आणि गाणी शिकवायची. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडातून कानात. सात टेकाडांच्या पोरांना तिचा आवाज आपल्या आईच्या हाकेसारखा ओळखू येतो. आणि नाताळच्या सकाळी सहाशे माणसं तिच्या एका सुराची वाट पाहत श्वास धरून उभी राहतात. सकाळची शाळा असली, तर हे फिरणं नाही. आणि जिने शिकवलं नाही, तिला पहिला सूर नाही. हा आपला नियम, आणि तो मावशीनेच घालून दिलेला.

मावशी वाळूतल्या घरांकडे पाहत राहिली. कोपऱ्यातलं एक धसकट कलंडलं होतं, ते तिने सरळ केलं.

"डिसेंबर माझा आहे," ती म्हणाली.

"मग?"

"तीन आठवडे घ्या." मग बोट वर केलं. "नाताळचा आठवडा नाही. त्यातला एक दिवसही मागाल, तर पाव्हणं, तुमची गाडी मी स्वतः परत वाळूत ढकलेन. आणि बैल चोरीचे आहेत, ते तुम्हाला ओढायला यायचे नाहीत."

साहेब हसले, पण फार नाही. वाकून त्यांनी तीन धसकटं डिसेंबरच्या घरात रोवली.

"आणि पहिला सूर?" मी चटईपाशी जाऊन हळूच विचारलं.

"नामातामा लावेल."

"नामातामा? अगं, तिचा आवाज पायरी उतरतो!"

"मग तुम्ही सगळे उतरा तिच्याबरोबर. देव काही वरच्याच पायरीवर बसलेला नाही."

हे नामातामाने ऐकलं. आवाज उतरतो म्हटल्याचा राग करायला तिला वेळ मिळाला नाही, कारण तिचा पदर आधीच डोळ्याला गेला होता. "मेचे चारही आठवडे घ्या," ती म्हणाली. "सकाळी शाळा, दुपारी कापणी. भात काही पळून जात नाही."

मुटुक्वा डोकं खाजवत उभा राहिला. "जून-जुलैचे चार देतो."

"आठ आहेत," साहेब म्हणाले.

"पाच."

"दादा, तिने नाताळ दिला," मुंडिया म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस, तू दुसऱ्याचा नाताळ दिलास! सहा. पण शुक्रवारी पोरं बंधाऱ्यावर लवकर सोडायची."

"माझा नाताळ मी परत घेतो," मुंडिया म्हणाला, "आणि सप्टेंबर देतो. चारही. गुरांमागे मीच जाईन. मरेन चालून चालून, पण जाईन."

"इलुकेनाला घेऊन जा बरोबर," कोणीतरी म्हणालं. "त्याने तुझा सप्टेंबर आधीच देऊन टाकला होता."

आयांनो, मी गेलो. सांगून ठेवतो. चार आठवडे गुरांमागे चाललो आणि माझे गुडघे अजून क्षमा मागतायत.

साहेबांनी मोजलं. मुलांनी मोजलं. मावशीने मोजलं, बोटांवर, ओठ हलवत. तेहतीस.

तीन कमी. आणि सगळ्यांचं देऊन झालं होतं. राहिले होते फक्त इंदुना, आणि राहिला होता मार्च.

आता मार्च कोणाचा? मार्चमध्ये वर्गात पाणी असतं आणि आपण ढोलांची वाट पाहत बसलेले असतो. तो महिना राजाचा, आणि टेकाडावर राजाच्या वतीने बोलणारे इंदुना.

"सोपं आहे," हामाउंडू साहेब म्हणाले. "गावाने थांबावं. शाळा तेवढी आधी वर न्या."

झाडाखालच्या कोंबड्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबल्या. राजाआधी पाण्यातून बाहेर पडायचं? आपल्यातलं कोणी हे बोललं असतं तर त्याच्या नातवंडांनासुद्धा ऐकून घ्यावं लागलं असतं.  मग इंदुनांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. त्यांना हसू आवरेना.

"टोंगा तो टोंगाच," ते डोळे पुसत म्हणाले. "पाव्हणं, तुमच्या गाई तरी मालकाच्या मागून चालतात का हो?"

"पुढून चालतात. म्हणून तर आम्ही कुठेतरी पोचतो."

इंदुना हसायचे थांबले. उठले. आपल्याकडे प्रमुख उठले की शेवटचं बोलणं येतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान खाली घातली. मावशीनेही घातली. तिच्या मांडीवरचे हात मात्र एकमेकांत घट्ट होते. 

"राजाआधी या टेकाडावरून कोणी हलणार नाही," इंदुना म्हणाले. "शाळासुद्धा नाही. हे झालं." त्यांनी आपल्या अंगणावर नजर फिरवली. "पण टेकाडाची सर्वांत उंच जागा माझं अंगण आहे. इथे पाणी सर्वांत शेवटी येतं. ढोल वाजेपर्यंत शाळा इथे बसेल. फळा या झाडाला टांगा. कोंबड्यांचा आवाज झाला तर मास्तरांनी मोठ्याने शिकवावं. तीन आठवडे माझे."

त्यांनी स्वतः वाकून तीन धसकटं रोवली. मार्चमध्ये. आणि बायकांनी जी आरोळी दिली, ती ऐकून मुंडियाचे बैल गाडीसकट पळाले. साहेबांची गाडी दुसऱ्यांदा वाळूत अडकली ती अशी.

संध्याकाळी तिथेच कागद भरला. सुरुवात: डिसेंबरचा पहिला सोमवार. शेवट: सातवीच्या परीक्षेचा शेवटचा दिवस. इंदुनांनी सही केली. मग ते म्हणाले, "पाव्हणं, सगळ्यांनी दिलं. तुम्ही काय देता?"

साहेबांनी टोपी डोक्यावर घातली. "परीक्षेचे कागद घेऊन मी स्वतः इथे येईन. तुमच्या पोरांना वर जावं लागणार नाही. कोणत्याही वयाच्या पोरांना."

हे वर्ष कसं गेलं, ते तुम्ही पाहिलंच. नाताळला नामातामाने सूर लावला आणि आम्ही सहाशे जण एक पायरी खाली गायलो. मी मान वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. मावशी डोळे मिटून सगळ्यांसारखी दुसऱ्या सुराची वाट पाहत होती. तिच्याकडे पाहता पाहता मी चालच विसरलो, पण तिचा आवाज आला तो भरलेला आला. मार्चमध्ये शाळा इंदुनांच्या अंगणात बसली. तिसऱ्या दिवशी इंदुना मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसले, पाचव्या दिवशी त्यांनी हात वर केला, आणि उत्तर चुकलं म्हणून मास्तर दोन दिवस त्यांच्या वाटेला गेले नाहीत. ढोल वाजले, राजाची नाव निघाली, मग आम्ही निघालो. मावशीने दप्तर डोक्यावर घेतलं आणि तांदळाचं पोतं नावेत मागे ठेवलं.

परवा हामाउंडू साहेब आले. आधीच बैलगाडीतून आले, मुंडियाला बोलायला जागा ठेवली नाही. कागदांची पेटी मांडीवर होती. परवा भाषेचा पेपर झाला, काल विज्ञानाचा. भाषेचा चांगला गेला म्हणते. निबंध आला होता, 'माझा आवडता महिना'. काय लिहिलं विचारलं, तर सांगत नाही.

आज सकाळी उपासनेत पहिला सूर तिनेच लावला, तुम्ही ऐकला. आणि प्रार्थना संपताच ती नाहीशी झाली. कुठे आहे मला माहीत आहे, पण सांगणार नाही. मला तिने इथे बसवलंय ते यासाठीच, की तुम्ही कोणी तिच्याकडे गाणं मागायला जाऊ नये. उद्या गणित आहे. भाषा तिला देवाने दिली, विज्ञान नदीने शिकवलं, पण अपूर्णांक तिला रात्री स्वप्नात येतात. परवा मला म्हणाली, "इलुकेना, एक भागिले तीन कधी संपतच नाही रे. असं कसं?" मी म्हणालो, "मला विचारू नकोस. मी चौथीत शाळा सोडली."

ते पाहा, पाळकबाबा येतायत. मी आवरतो. बाबांनो, उद्या सकाळी नऊ वाजता तुम्ही कुठेही असा, शेतात असा, बंधाऱ्यावर असा, नांगरापाशी असा, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि नासिलेले मावशीची देवापाशी आठवण काढा. अकरा वाजेपर्यंत काढत राहा. पेपर दोन तासांचा आहे.